‘लागलेली’ आग आणि ‘लावलेली’ आग : मध्य भारतातील वनाग्निविषयक लेखनाचा विचार

मराठीत वणवा ‘लागतो’ किंवा ‘पेटतो’. चूल पेटवली जाते, दिवा लावला जातो, होळीही लावली जाते. परंतु रानातल्या आगीविषयी बोलताना भाषा बहुधा अकर्मक क्रियापदाचा आश्रय घेते आणि कर्ता वाक्याबाहेर राहतो. ‘लागणे’ व ‘लावणे’, ‘जळणे’ व ‘जाळणे’ या जोड्यांतला भेद मराठी भाषकाला कोणी शिकवावा लागत नाही; कर्ता सांगायचा की झाकायचा याचा निर्णय तो क्रियापद निवडतानाच करून मोकळा होतो. याच भाषेत वन विभागाच्या नित्य व्यवहारात ‘जाळरेषा’ हा शब्द रूढ आहे आणि त्यात ‘जाळणे’ हे सकर्मक क्रियापद उघडपणे बसलेले आहे. जाळरेषा आपोआप जळत नाही. ती कोणाच्या तरी हुकमाने, कोणाच्या तरी हातून, ठरलेल्या दिवसांत जाळली जाते. एकाच रानातल्या या दोन आगींपैकी पहिलीला दीड हजार वर्षांचे वाङ्मय लाभले आहे. दुसरीच्या वाट्याला कार्य आयोजनेतले एखादे प्रकरण आणि मजुरांचे हजेरीपत्रक यांपलीकडे फारसे काही आलेले नाही.

ही विषमता केवळ अभिरुचीची बाब असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण मध्य भारतात आग कोणी लावावी, कोणी विझवावी आणि तिचा दोष कोणाच्या माथी यावा हे ठरवणारे कायदे, अहवाल आणि ग्रंथ याच भाषिक सवयीतून लिहिले गेले आहेत. म्हणून वर्णनपर काव्य, शासकीय गद्य आणि ललित वनलेखन ही तिन्ही एकत्र ठेवून वाचणे आवश्यक ठरते.

संस्कृत परंपरेने या बाबतीत मराठीला जे दिले ते प्रथम पाहावे लागेल. अमरकोशात ‘दव’ व ‘दाव’ या शब्दांचा अर्थ वन असाही आहे आणि वनातील अग्नी असाही. अरण्य आणि त्याची आग यांना एकच नाव पुरावे इतका त्यांचा सहवास कोशकाराला परिचित होता. काव्यात मात्र हा सहवास उपद्रवाच्या रूपानेच येतो. ‘मेघदूता’त यक्ष मेघाला सांगतो की आम्रकूटाचा वणवा तू आपल्या सरींनी शमवशील, म्हणून तो पर्वत तुला आदराने मस्तकी धारण करील. पुढे हिमालयात देवदार जातीच्या वृक्षांची खोडे वाऱ्याने एकमेकांवर घासून अग्नी उत्पन्न झाला आणि चमरीच्या पुच्छाचे केस होरपळू लागले, तर तोही विझवावा अशी सूचना आहे. कालिदासाच्या नावे असलेल्या ‘ऋतुसंहारा’तील ग्रीष्मवर्णनात तर दावाग्नीला सलग काही श्लोक दिलेले आहेत. रामगिरी म्हणजे रामटेक हे मत वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले, त्यामुळे नागपूरच्या अभ्यासकाला या काव्याविषयी एक शेजारधर्माची आपुलकी असते. त्याच आपुलकीने एक गोष्ट नोंदवणेही त्याचे कर्तव्य ठरते : या सर्व वर्णनांत आग लावणारा माणूस कोठेही नाही. झाडावर झाड घासते आणि वणवा जन्मतो. ‘बांबू घासून आग लागते’ हे वाक्य आजही विदर्भात सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येते, त्यामागे निरीक्षणापेक्षा काव्याचा संस्कारच अधिक असावा. विदर्भाच्या शुष्क पानगळी वनांत उन्हाळ्यात लागणारी आग जवळजवळ नेहमी मनुष्याच्या हातून निघालेली असते.

मराठी संतांनी व पंडितांनी हा वारसा पुढे चालवला, पण रान सोडून. संसारताप हा वणवा झाला आणि गुरुकृपा ही पर्जन्यवृष्टी झाली. श्रीधराच्या ‘हरिविजया’तून घरोघरी पोचलेल्या कृष्णकथेत भगवान दावाग्नी गिळून टाकतो. रूपक म्हणून याची शक्ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु रूपकात गेलेली वस्तू परत वस्तू म्हणून पाहणे कठीण होते, आणि वणव्याच्या बाबतीत नेमके तेच घडले.

या परंपरेला मराठीत एक ठळक अपवाद आहे आणि तो समीक्षेतून आला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (1967) मधील ‘मयसभा’ या लेखात खांडवदहनाचा प्रसंग कथेतील अग्नीच्या भुकेवर न सोडता तो कोणी केला, कशासाठी केला आणि त्यात कोण मेले हे प्रश्न विचारले. अग्नीने ब्राह्मणवेषाने येऊन वन मागितले हे कथेचे स्पष्टीकरण बाजूला सारल्यावर उरते ते भूमी मिळवण्यासाठी केलेले दहन व त्यातील रहिवाशांचा संहार. कर्त्यांची नावे वाक्यात परत आणून ठेवणे, एवढेच त्यांनी केले. पण ‘वन जळले’ आणि ‘कृष्णार्जुनांनी वन जाळले’ या दोन वाक्यांतले अंतर त्यामुळे मराठी वाचकाला प्रथमच इतके स्पष्ट दिसले. वनाग्नीच्या आधुनिक लेखनाकडे वळताना हीच कसोटी हाती घ्यावयास हवी.

तत्पूर्वी प्रत्यक्ष व्यवहार थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण साहित्याच्या विद्यार्थ्याला तो बहुधा ठाऊक नसतो. फेब्रुवारीपासून सागाची, मोहाची, पळसाची पाने गळू लागतात आणि मार्चच्या अखेरीस रानाच्या जमिनीवर वाळक्या पानांचा थर बसतो. त्यात वाळलेले गवत, कोठे मेलेल्या बांबूचा गुंता, कोठे घाणेरीची झुडपे. वनशास्त्र या सर्वाला इंधन म्हणते. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (1942) संग्रहात ‘पाचोळा’ ही कविता आहे आणि तिच्यामुळे तो शब्द मराठी मनात पायदळी जाणाऱ्या उपेक्षितांशी कायमचा जोडला गेला आहे. वनरक्षकाच्या मनात तोच शब्द उंची, ओलावा आणि वाऱ्याची दिशा यांचा हिशेब जागा करतो. दोघांचाही पाचोळा खरा आहे, पण दुसऱ्याच्या पाचोळ्यावर कविता झालेली नाही.

जाळरेषेचे काम या हिशेबावर चालते. हिवाळा सरता सरता, वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, वनखंडांच्या सीमांवरून, रस्त्यांच्या कडांनी व गावांच्या बाजूंनी ठरावीक रुंदीचे पट्टे आखले जातात. पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत आधी कापून आत ओढतात, ते वाळू देतात आणि वारा पडलेला असताना, संध्याकाळी किंवा दवाचा ओलावा असेपर्यंत सकाळी, ते जाळतात. हाती हिरव्या डहाळ्या घेतलेले मजूर दोन्ही बाजूंनी चालत कडेबाहेर जाणारी ज्वाळ झोडपून विझवतात. अलीकडे डहाळ्यांच्या जोडीला पाने उडवणारे ब्लोअर आले आहेत. पुढे मे महिन्यात खरा वणवा आला तर त्याला या काळ्या पट्ट्यावर खायला काही मिळू नये ही कल्पना. प्रसंगी वणव्याच्या समोरून दुसरी आग लावून दोन्ही एकमेकींत मिटवण्याची युक्तीही केली जाते. थोडक्यात, आगीपासून रान राखण्याचे मुख्य साधन आग हेच आहे, आणि ती लावणे हे कौशल्याचे काम आहे. कोणत्या दिवशी लावायची नाही हे ओळखणे हा त्या कौशल्याचा सर्वांत कठीण भाग.

गावकऱ्यांच्या आगी वेगळ्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालची जागा जाळून स्वच्छ करतात. तेंदूच्या झुडपाला जाळल्यावर नवी, मऊ, बिडीस योग्य पाने फुटतात या समजुतीने पानतोडीपूर्वी रानाला आग दिली जाते. हे काम झुडपांच्या छाटणीनेही साधते, पण छाटणीला मजुरी पडते आणि काडीला पडत नाही. अशी आग कोणी राखत बसत नाही, आणि झाडाखालची आग डोंगरावर जाते. येथे ‘लावली’ आणि ‘लागली’ यांची सीमा पुसट होते. मोहाखाली लावलेली आग पलीकडच्या खोऱ्यात पोचते तेव्हा तेथल्यांसाठी ती लागलेलीच असते.

इंग्रजी अंमलातील लेखनाने या तिन्ही आगींना एकाच नावाखाली आणले. मध्य प्रांताची स्थापना 1861 मध्ये झाली, नागपूर राजधानी झाले आणि त्याच दशकात सातपुड्याच्या जंगलांचे मोजमाप सुरू झाले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ 1871 मध्ये निघाला. शिकार, प्रवास, वंशवर्णन आणि महसुली दृष्टी यांचे त्यात जे मिश्रण आहे त्याने पुढील अनेक दशकांच्या लेखनाला साचा पुरवला. फोर्सिथचे गद्य समर्थ आहे; पंचमढीचा पहिला देखावा वाचताना त्याची सौंदर्यदृष्टी संशयातीत वाटते. पण डाह्या पद्धतीच्या शेतीकडे, म्हणजे झाडे तोडून, वाळवून, जाळून राखेत बी टाकण्याच्या रीतीकडे, ती दृष्टी वळली की ती इमारती लाकडाच्या हिशेबनिसाची होते. जळलेला साल व साग त्याला दिसतो. त्या राखेत उगवलेले कोदो-कुटकी जेमतेम दिसते. शिकारविषयक लेखनात तर एक गमतीची विसंगती नेहमी आढळते : उन्हाळ्यात गवत जळून गेलेले रान शिकाऱ्याला सोयीचे असते, ती सोय तो मुकाट्याने घेतो आणि जाळणाऱ्याला मात्र दोष देतो.

पंचमढीच्या पायथ्याचे बोरीचे जंगल 1865 मध्ये राखीव झाले. ते आगीपासून राखता येते हे पिअरसन या लष्करी पेशाच्या वनाधिकाऱ्याने त्याच दशकात दाखवून दिले. भारतात जंगलाची आग थांबवणे अशक्य आहे असे तोवर अनेक अधिकाऱ्यांचेही मत होते, त्यामुळे बोरीच्या प्रयोगाला वनखात्याच्या इतिहासग्रंथांत आद्य पराक्रमाचे स्थान मिळाले. तो पराक्रम जाळरेषांवर उभा होता. पण इतिहासात नोंद झाली ती ‘अग्निरक्षण’ या शब्दाने, आणि रक्षण करण्यासाठी दरवर्षी काय जाळावे लागले हे त्या शब्दाच्या आड गेले.

कायद्याच्या भाषेने हा पडदा पक्का केला. 1878 च्या व नंतर 1927 च्या वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे, किंवा अधिसूचित हंगामात विस्तव पेटवणे वा बाळगणे, हा गुन्हा ठरवला. 1927 च्या अधिनियमाचे कलम 26 समीक्षकाच्या नजरेने वाचण्यासारखे आहे. हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग ‘लावली गेली’ असेल, तर त्या वनातील चराईचे व वनोपजाचे सर्व हक्क सरकार हवे तितके दिवस स्थगित करू शकते. वाक्य कर्मणी आहे. आग कोणी लावली हे त्यात सिद्ध व्हावे लागत नाही आणि शिक्षा मात्र सर्व हक्कदारांना होते. कर्ता नसलेल्या वाक्याने साऱ्या गावाला कर्ता बनवण्याचे असे दुसरे उदाहरण शासकीय गद्यात शोधावे लागेल. कलम 79 त्याच हक्कदारांवर आगीची खबर देण्याचे व ती विझवण्यास मदत करण्याचे बंधन घालते. विझवण्याचे कर्तव्य गावाचे, लावण्याचा अधिकार खात्याचा, अशी ही वाटणी झाली. जाळरेषेवर डहाळी घेऊन चालणारा मजूर आणि मोहाखाली काडी ओढणारा गावकरी अनेकदा एकच मनुष्य असतो. फेब्रुवारीत त्याला ज्या कामाचे पैसे मिळाले, मार्चमध्ये त्याच कामासाठी त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

खात्याच्या आतून या विचाराला विरोध झालाच नाही असे मात्र नाही, आणि तो विरोध नागपूरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसतो. 1896 मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात स्लेड यांनी ब्रह्मदेशात अग्निरक्षणाचा अतिरेक होत असल्याचा लेख लिहिला. आग बंद केलेल्या ओलसर वनांत सागाची रोपे बांबू व सदाहरित झाडोऱ्याखाली गुदमरत होती, असे त्यांचे म्हणणे होते. वाद बराच लांबला. शेवटी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अनेक ठिकाणी संपूर्ण रक्षणाऐवजी हंगामाच्या आरंभीच सौम्य जाळणी करण्याची रीत स्वीकारली गेली. अमेरिकेच्या वनखात्याने 1935 मध्ये प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणण्याचा नियम केला आणि 1970 नंतरच्या दशकात तो सोडून नियंत्रित जाळणीकडे मोर्चा वळवला. त्या वादाचे पूर्वरूप ब्रह्मदेशात आणि बंगालच्या सालवनांत आधीच होऊन गेले होते. ब्रह्मदेशचा निष्कर्ष विदर्भाच्या कोरड्या रानांना जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही येथेच म्हटले पाहिजे. वर्षामागून वर्ष एप्रिल-मे महिन्यांत जळणाऱ्या रानात रोपे टिकत नाहीत, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण जाते, पाचोळ्याची माती होत नाही. जाड सालीची, बुंध्यातून पुन्हा फुटणारी झाडे तेवढी तग धरतात. म्हणजे प्रश्न आग हवी की नको असा राहत नाही. कोणत्या महिन्यात, किती, किती वर्षांनी आणि कोणाच्या देखरेखीखाली, असे त्याचे चार प्रश्न होतात, आणि यांतील एकही प्रश्न ‘वणवा’ या शब्दात मावत नाही.

फोर्सिथच्या उलट टोकाला व्हेरिअर एल्विन उभे आहेत. ‘द बैगा’ (1939) या ग्रंथात बेवर शेतीची बाजू त्यांनी ज्या आत्मीयतेने मांडली तिने मानवशास्त्राच्या वाचकांचे मतपरिवर्तन केले. धरणीमातेचे स्तन नांगराने फाडू नयेत ही बैगांची श्रद्धा, 1890 मध्ये मंडला जिल्ह्यात आखून दिलेल्या बैगा चकातच बेवरला उरलेली परवानगी, आणि त्यामुळे एका समाजाचे खचलेले मन, हे सर्व त्यात आहे. ग्रिगसन यांनी ‘द मारिया गोंड्स ऑफ बस्तर’ (1938) मध्ये पेंडा शेतीचे जे तपशील दिले ते भामरागडच्या बाजूच्या माडिया वस्त्यांकडे पाहतानाही उपयोगी पडतात, आणि 1944 मध्ये नागपुरातून निघालेल्या त्यांच्या अहवालाने आदिवासींच्या दारिद्र्याची कारणे शासनासमोर ठेवली. या लेखकांनी आगीला कर्ता परत दिला, यात शंका नाही. तथापि त्यांच्या लेखनाचीही एक मर्यादा आहे. त्यांच्या आगीला अर्थ आहे, श्रद्धा आहे, करुणा आहे. तंत्र मात्र अंधुक आहे. विशेषतः एल्विन वाचून आलेला विद्यार्थी बेवरची आग आणि रानाच्या जमिनीवरून सरपटत जाणारी आग यांत भेद करत नाही. पहिली तोडलेल्या लाकडाच्या ढिगाऱ्यात, एका मोजक्या तुकड्यात जळते. दुसरी मोकळ्या रानात मैलोगणती पसरते. पहिलीचे समर्थन दुसरीला आपोआप मिळत नाही.

मराठीजवळ या भेदांसाठी शब्द नव्हते असे म्हणता येणार नाही. कोकणात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या रीतीला ‘राब’ म्हणतात. झाडांच्या डहाळ्या त्यासाठी तोडू द्याव्यात की नाही या वादाने मुंबई इलाख्याच्या 1887 च्या वन आयोगाच्या अहवालाची बरीच पाने व्यापली. सह्याद्रीत ‘दळी’ व ‘कुमरी’ हे शब्द होते, पूर्व विदर्भात ‘पेंडा’ आहे, खात्याची ‘जाळरेषा’ आहे. हे शब्द महसुली कागदांत व बोलीत राहिले. ललित गद्याने त्यांना जवळ केले नाही.

हे विशेष खटकते, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत वनलेखनाची एक संपन्न धारा निर्माण झाली आणि तिचे उगमस्थान बव्हंशी विदर्भाचीच राने होती. मारुती चितमपल्ली (1932–2025) हे स्वतः वनाधिकारी. नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथील सेवेत त्यांनी आदिवासींच्या तोंडून पक्ष्यांची, झाडांची, ऋतूंची नावे टिपली आणि ‘शब्दांचं धन’ हे आपल्या एका पुस्तकाचे नाव सार्थ केले. मराठीच्या शब्दसंपत्तीत एका व्यक्तीने घातलेली इतकी मोठी भर अलीकडच्या काळात दुर्मीळच. तरीही त्यांच्या एकंदर लेखनातून वाचकाच्या मनात जे रान उरते ते पाहणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे रान आहे. दरवर्षी फेब्रुवारीत मजुरांच्या टोळ्यांनी राखलेले रान त्यात मागे सरते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ तर उघडपणेच पाहुण्याचे पुस्तक आहे. तळ्याकाठी बसून पाहणे हाच त्याचा प्राण असून ती त्याची उणीव समजण्याचे कारण नाही. पाहण्याच्या या शिस्तीने मराठी गद्याला एक नवी संयत शैली दिली. मात्र एका धारेतील सर्वच महत्त्वाची पुस्तके पाहण्याची असावीत आणि राखण्याचे एकही नसावे, हा त्या धारेवरचा अभिप्राय ठरतो.

त्याच नागझिऱ्याच्या रानात एप्रिल 2021 मध्ये आग विझवताना 3 हंगामी मजूर मृत्युमुखी पडले. बातमीत ‘वणव्याने बळी घेतला’ असे वाक्य होते की नव्हते हा प्रश्न गौण आहे. तसे ते असण्याची शक्यता मराठी वाचकाला स्वाभाविक वाटते, हे महत्त्वाचे. वाक्याचा कर्ता वणवा. मजूर कर्मस्थानी. त्याला काय अंतरावरून, कोणत्या वेळी, कोणत्या साधनांनिशी आगीसमोर उभे केले गेले या प्रश्नांना त्या वाक्यरचनेत जागाच नाही. हंगामी मजुराचे ज्ञान साहित्यात आले असते तर त्याचे प्राण वाचले असते, असा भाबडा दावा येथे नाही. पण ज्या कामाला भाषेत स्थान नाही त्याच्या धोक्यालाही स्थान मिळत नाही, हे मान्य करावे लागते.

आजच्या शासकीय गद्याचा आणखी एक प्रकार येथे विचारात घेतला पाहिजे. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना पाठवते. अक्षांश, रेखांश, वेळ, वनविभाग, बीट, इतकाच या संदेशाचा मजकूर. तो ज्या वेगाने वनरक्षकाच्या फोनवर पोचतो त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु उपग्रहाला दिसतो तो उष्णतेचा ठिपका. जाळरेषा आणि वणवा त्याला सारखेच. ‘लागली’ व ‘लावली’ यांतला भेद येथे भाषेच्या सवयीने नव्हे, यंत्राच्या मर्यादेने पुसला जातो. हंगामाच्या शेवटी या ठिपक्यांची बेरीज होऊन जिल्ह्याचा आकडा बनतो, तेव्हा त्यात राखणीची आग किती आणि हानीची किती हे बेरजेवरून ओळखता येत नाही.

या सर्व लेखनाच्या पार्श्वभूमीवर एक अगदी वेगळा मजकूर ठेवून पाहावा, तो म्हणजे ग्रामसभेचा ठराव. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन यांचा हक्क ग्रामसभांना दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे 2009 मध्ये तो प्रत्यक्षात आला. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर वनावर असा हक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभेने तेंदूपाने न तोडण्याचा निर्णय घेतला. पानतोडीसाठी झाडांची मोडतोड होते व रानाला आगी लावल्या जातात हे त्यामागचे कारण. उत्पन्नाचा आधार त्यांनी बांबूवर ठेवला. हा निर्णय वाङ्मय म्हणून लिहिला गेला नव्हता, हे खरे. पण त्याची वाक्यरचना मागे पाहिलेल्या सर्व लेखनापेक्षा निराळी आहे : आगी लावल्या जातात, आम्हीच लावतो, आणि म्हणून ज्या कामासाठी त्या लागतात ते काम आम्ही सोडतो. कर्ता प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे. कायद्याने ज्या गावाला निनावी वाक्यातून दोषी ठरवले होते त्याने स्वतःहून कर्तेपद घेतले आणि त्याबरोबर निर्णयाचा अधिकारही. तथापि एक अडचण शिल्लक आहे. 2006 चा कायदा व्यवस्थापनाचा हक्क देतो आणि 1927 चे कलम 26 अद्याप तसेच आहे. आग सोडण्याचा ठराव ग्रामसभा निर्धास्तपणे करू शकते. जानेवारीत, दव असताना, आपल्या वनात सौम्य जाळणी करण्याचा ठराव तिने केला तर तो व्यवस्थापन ठरेल की गुन्हा, हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तरी उलगडत नाही.

‘मेघदूता’तील एक स्थळ वर मुद्दाम सोडले होते. रेवा ओलांडल्यानंतर मेघाचा मार्ग हरणे दाखवतील असे ज्या श्लोकात म्हटले आहे, त्याच्या तिसऱ्या चरणाच्या आरंभी दोन पाठ आढळतात. मल्लिनाथामुळे रूढ झालेला पाठ ‘जग्ध्वा’, म्हणजे खाऊन, असा आहे : कंदलीचे कोंब खाऊन, रानात भूमीचा अधिक सुगंध हुंगून ही हरणे मेघाच्या वाटेची खूण देतात. दुसरा पाठ ‘दग्ध’ : हरणे जळालेल्या अरण्यांत भूमीचा तो अधिक सुगंध घेतात. अभ्यासक्रमात बहुधा पहिलाच पाठ शिकवला जातो, आणि अन्वयाच्या दृष्टीने तो सुलभ आहे यात वाद नाही. ‘अधिक सुगंध’ मधील ‘अधिक’ कशाच्या तुलनेने, हा प्रश्न मात्र त्यात अनुत्तरित राहतो. दुसऱ्या पाठात त्याचे उत्तर आहे. उन्हाळ्यात जळून उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिली सर पडते तेव्हा तिचा वास पाचोळ्याखालच्या जमिनीपेक्षा तीव्र येतो. आणि जळक्या रानात पहिल्या पावसाबरोबर फुटणाऱ्या कोवळ्या गवतावर हरणे गोळा होतात, हे सातपुड्यातील कोणत्याही गुराख्याला ठाऊक आहे. हस्तलिखितांच्या साक्षीचे वजन पाठचिकित्सकांनी करावयाचे आहे. पण रानाची साक्ष ‘दग्ध’ या पाठाच्या बाजूने जाते, आणि ती ग्राह्य धरली तर आम्रकूटाचा वणवा विझवणाऱ्या याच काव्यात, अवघ्या काही श्लोकांच्या अंतरावर, जळालेले रान उपद्रव म्हणून नव्हे, हरणांना बोलावणारी जागा म्हणून आलेले आहे.